एकादशीची भगर : पंगतीआधी ही काळजी घ्या

सप्ताहात एकादशी आली की गावोगावी भगर-आमटीचा प्रसाद होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील सोमठाणा (ता. लोणार) येथे असा प्रसाद घेतलेल्या शेकडो लोकांना विषबाधा झाली. दवाखान्यात खाटा पुरेनात. दोरीला बाटल्या टांगून उघड्यावर सलाईन लावावे लागले.

भगरीने अशी बाधा का होते? भगर ओल धरते. ओल धरली की बुरशी चढते. पिठावर तर लवकरच. काही बुरशी विष तयार करतात आणि ते उकळूनही जात नाही. दुसरे कारण म्हणजे शिजवून तासन्‌तास कोमट ठेवलेले अन्न. त्यात जंतू झपाट्याने वाढतात.

तेव्हा एवढे करा :

१. सुटी भगर घेऊ नका. पाकीटबंद, तारीख पाहूनच घ्या.
२. घरची भगर कडक वाळवून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कुबट वास आला तर टाकून द्या, जनावरांनाही घालू नका.
३. पीठ लागेल तेवढेच, ताजे दळा.
४. सगळी भगर एकदम रांधू नका. पंगत बसेल तशी शिजवा, गरम वाढा. उरलेली दुसऱ्या दिवशी वाटू नका.

उलट्या-जुलाब झालेच तर ओआरएसचे पाणी घोट-घोट पाजा आणि लगेच आरोग्य केंद्र गाठा. उरलेले अन्न तपासणीसाठी झाकून ठेवा.

प्रसाद शेकडो माणसे विश्वासाने घेतात. तो विश्वास स्वयंपाकाच्या चुलीपासूनच सांभाळायचा असतो.