फिनाईलची बाटली आणि आईचा फोन

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, इंदूरला प्रॅक्टिस करते. इंदूरची डॉक्टर मराठीत कशी बोलते, असं बाहेर मला विचारतात. इथे कुणी विचारणार नाही, कारण समोर बडोद्याची, हैदराबादची, बेळगावची मंडळी बसली आहेत. तुम्हालाही तेच ऐकावं लागत असणार.

मला विषय दिलाय ‘गरोदरपण आणि घरातली रसायनं’. त्याला मी एक माणूस जोडून घेतलंय. आई. कधी मुलीची, कधी मुलाची. कारण असं आहे की, फिनाईल चालेल का, नेलपॉलिश चालेल का, हे प्रश्न मला गरोदर मुलगी फार कमी वेळा विचारते. ते फोनवरून येतात. पलीकडून आवाज येतो, ‘डॉक्टर, मी तिची आई बोलतेय, तिला सांगू नका मी फोन केलाय म्हणून.’

आता एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. पाचवा महिना. नोकरी करणारी मुलगी, नवरा बराच फिरतीवर. आई नागपूरहून मदतीला आली. पहिल्या दोन दिवसांत तिने मुलीचं कपाट आवरलं आणि नेलपॉलिश, अत्तर, शाम्पू सगळं कचऱ्यात टाकलं. ‘केमिकल आहे.’ दुसऱ्या आठवड्यात त्याच आईने पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. बाळ येणार, घरात झुरळ दिसायला नको. मुलगी ऑफिसातून आली तेव्हा स्वयंपाकघर आणि झोपायची खोली, दोन्हीकडे फवारणी झालेली होती. रात्री खिडक्या बंद करून एसी लावून ती त्याच खोलीत झोपली. सकाळी डोकं धरलेलं, घसा खवखवतोय, मळमळतंय.

हे मला कळलं तीन आठवड्यांनी, नेहमीच्या तपासणीच्या वेळी, आणि तेसुद्धा मी आईंना बाहेर बसवल्यावर. मी विचारलं, त्याच दिवशी फोन का नाही केलास? ती म्हणाली, ‘आईने केलं होतं ना. तुम्हाला सांगितलं असतं तर तिला किती लागलं असतं.’ कोणतं औषध मारलं, माहीत नाही. पावती नाही. फवारणाऱ्याचा नंबर आईच्या फोनमध्ये, आणि आईला तो मागायचा म्हणजे पुन्हा तोच विषय.

बाळ ठीक होतं. एकदा, काही तास असा संपर्क झाला म्हणून सहसा बाळाला काही होत नाही. पण मला काळजी लागली ती त्या तीन आठवड्यांच्या गप्प बसण्याची. औषध जास्त विषारी असतं, तिला दम्याचा त्रास असता, तरी ती गप्पच बसली असती.

म्हणून माझ्याकडे एक नियम आहे. प्रत्येक भेटीत दहा मिनिटं गरोदर बाई एकटी आत बसते. आई, सासूबाई, नवरा सगळे बाहेर. सुरुवातीला लोकांना राग यायचा. एक सासूबाई म्हणाल्या, ‘आमच्यापासून काय लपवायचंय?’ मी म्हटलं, लपवायचं काही नाही, तिला तिच्या तोंडाने बोलू द्यायचंय. तुमच्या डॉक्टरकडे अशी पद्धत नसेल तर तुम्ही मागा. ‘मला डॉक्टरांशी दोन मिनिटं एकटीने बोलायचंय’, एवढंच म्हणायचं. त्याला कारण द्यावं लागत नाही.

आता रसायनांकडे येऊ. आयांची भीती हवेतून आलेली नाही, हे आधी मान्य करू. १९५७ साली जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची गोळी बाजारात आली. गरोदर बायकांनी ती मळमळीवर घेतली, आणि १९६१ मध्ये ती मागे घेईपर्यंत हजारो मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्माला आली. जपानमध्ये मिनामाता इथे कारखान्यातला पारा समुद्रातल्या माशांत गेला. १९५६ मध्ये तो आजार उघडकीला आला. तिथे आयांना फारसा त्रास नसताना त्यांच्या पोटच्या मुलांच्या मेंदूला जबर इजा झालेली दिसली. वार म्हणजे पोलादी भिंत आहे ही डॉक्टरांची समजूत या दोन घटनांनी मोडली.

पण त्यातून लोकांनी धडा असा घेतला की, वास आला म्हणजे विष. तसं नसतं. तीन गोष्टी बघायच्या असतात. किती गेलं, कुठून गेलं, आणि कितव्या आठवड्यात गेलं. खिडकी उघडी ठेवून, बादलीत झाकणभर फिनाईल टाकून पुसलेल्या फरशीने बाळाला काही होत नाही. वासाने उलटी येत असेल तर नुसत्या पाण्याने पुसा, तेवढंच. नेलपॉलिश लावायचं असेल तर गॅलरीत बसून लावा. केसांचा रंग कातडीतून फार थोडा आत जातो, पहिले तीन महिने थांबलात की पुरे. डोहाळजेवणाला साधी मेंदी काढा, खुशाल. ती काळी, अर्ध्या तासात रंगणारी मेंदी मात्र नको. तिच्यात केसांच्या डायमधलं रसायन घातलेलं असतं आणि त्याने हाताला फोड येतात.

मग घाबरायचं कशाला? गंमत अशी की, ज्या वस्तूंना मी खरंच घाबरते त्या आईने कधी फेकलेल्या नसतात. उलट पुष्कळदा तिनेच आणलेल्या असतात.

धान्याच्या कोठीत टाकायच्या पाऱ्याच्या गोळ्या घ्या. गुजरातेत आणि आपल्याकडे वर्षाचे गहू भरणाऱ्या घरांत त्या अजून दिसतात. मिनामाताचं नाव घेतलं तोच हा पारा. रूप वेगळं आहे, तिथे तो माशांत साठलेला होता. पण हाही गर्भापर्यंत पोचतो, आणि खायच्या धान्यात त्याला जागा नाही. त्याहून भयानक म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि त्याने बंद खोलीत झोपलेली माणसं सकाळी उठलेली नाहीत. या गोळ्या घरगुती वापरासाठी विकायला परवानगीच नाही, तरी ओळखीच्या दुकानात मिळतात. गव्हाला कडक ऊन द्या, डाळींना एरंडेल चोळा, कडुनिंबाचा पाला घाला. तुमच्या आजीला हे येत होतं.

मग डांबरगोळ्या. आजीने जपून ठेवलेली दुपटी, झबली ट्रंकेतून निघतात, त्यांना तो ओळखीचा वास येतो आणि बाळाला तशीच गुंडाळली जातात. त्या गोळ्या बहुतेक नॅफ्थलीनच्या असतात. काही बाळांना जन्मतः जीसिक्सपीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते. पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत ती जास्त आढळते, पण कुणातही असू शकते. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात आणि इतकी जोराची कावीळ होते की मेंदूला इजा पोचू शकते. तेव्हा ट्रंक सातव्या महिन्यातच उघडा. कपडे धुवा, दोन-तीन दिवस उन्हात वाळवा, पुन्हा धुवा. आणि ट्रंकेतल्या गोळ्या काढून टाका. हे काम आईलाच द्या. ती ते तुमच्यापेक्षा चांगलं करेल आणि तिला ते आवडेलही.

शिसं. बाळाची खोली रंगवायची हौस सगळ्यांना असते. नव्या घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी आहे, आणि हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. नवा रंग ही मोठी अडचण नाही. अडचण जुन्या भिंतीची आहे. जुन्या वाड्यातला, चाळीतला तेलरंग पॉलिशपेपरने घासला की शिशाची धूळ उडते. शिसं हाडांत वर्षानुवर्षं साठतं, आणि गरोदरपणात बाळासाठी हाडांतून कॅल्शियम निघतं तेव्हा हेही रक्तात उतरतं. म्हणून घासकाम चालू असताना गरोदर बाईने त्या घरातच थांबायचं नाही. धूळ ओल्या फडक्याने टिपायची, झाडायची नाही. काही सुट्या शेंदरांत आणि सुरम्यातही शिसं असतं. तिथे वाद घालू नका, कपाळाला टिकली लावा.

संडास धुण्याचं लिक्विड. त्यात साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्यावर ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर टाकली की क्लोरीन वायू निघतो. दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ होतं असं पुष्कळांना वाटतं. न्हाणीघर छोटं, दार लोटलेलं. हे गरोदर नसलेल्या माणसालाही दवाखान्यात पाठवतं. घरी कामाला येणाऱ्या ताईंनाही हे सांगा, त्यांचीही फुप्फुसं आपल्यासारखीच आहेत.

आणि मशेरी. हे नाव घेतलं की माझ्या दवाखान्यात शांतता पसरते. नेलपॉलिश फेकणारी आई स्वतः सकाळी मशेरी लावते आणि मुलीचे दात दुखले की ‘चिमूटभर लाव’ म्हणते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तंबाखूने बाळाचं वजन कमी भरतं, हे पक्कं आहे. घरात वडील किंवा सासरे सिगरेट, विडी ओढत असतील तर तेही त्यातच आलं. फिनाईलवर जेवढी चर्चा होते तेवढी यावर व्हायला हवी.

डासांचं गणित जरा अवघड आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डासांची एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगरेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते असं आढळलं होतं. म्हणून बंद खोलीत कॉइल नको. पण म्हणून काहीच लावायचं नाही, असं केलं तर डेंग्यू, मलेरिया गरोदर बाईला जास्त छळतात. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण निघाले, त्यांत गरोदर बायकाही होत्या. मच्छरदाणी सगळ्यात चांगली. डीईईटी असलेलं क्रीम गरोदरपणात डब्यावरच्या सूचनेप्रमाणे लावलेलं चालतं. आई म्हणेल, अंगाला केमिकल लावू नकोस. लावा.

आता आईशी बोलायचं कसं? तुम्ही रसायनशास्त्रावर भांडू नका. भांडण रसायनाचं नसतंच. तिला तुमच्या वेळी कुणी काही विचारलं नव्हतं, तिच्या सासूने सगळं ठरवलं होतं. आता तिची पाळी आली असं तिला आतून वाटत असतं. पुष्कळ आया खरोखर घाबरलेल्या असतात, कारण त्यांचं स्वतःचं एखादं मूल गेलेलं असतं आणि ते घरात कुणी बोलत नाही. हे समजून घ्यावं. पण समजून घेतलं म्हणजे कपाटाची किल्ली द्यायची असं नाही.

वाक्यं साधी ठेवा. ‘अगं आई, घरात काही फवारायचं, रंगवायचं, फेकायचं असेल तर आधी मला विचार. मी नाही म्हटलं तर ते नाहीच.’ एकदा सांगा, शांतपणे, आणि मग त्यावर ठाम राहा. सासूबाईंशी बोलायचं असेल तर ‘अहो आई’ म्हणून सुनेने सुरुवात करण्याआधी मुलाने बोलावं. त्याची आई आहे, वाईटपणा त्याने घ्यावा. आणि माझा रिपोर्ट कुणाला दाखवायचा हे मी ठरवणार, हेही सांगून टाका. डॉक्टरांनाही सांगा, म्हणजे आम्ही फोनवर ‘काकू, तुम्ही तिलाच विचारा’ एवढंच म्हणू शकतो.

एक मुलगी मला म्हणाली, तुम्हीच आईला लिहून द्या, तुमचं ती ऐकेल. मी दिलं. कागदावर लिहिलं: पेस्ट कंट्रोल करायचं तर पेशंटला विचारून, ती बाहेर असताना, स्प्रेऐवजी जेल वापरून, आणि औषधाचं नाव लिहून घेऊन. तो कागद त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे असं कळलं. डॉक्टरचा शिक्का असा वापरायला माझी काही हरकत नाही.

राहिला एक प्रश्न, जो पाठवलेल्या चिठ्ठ्यांत सगळ्यात जास्त आलाय. ‘आधीच संपर्क झालाय, आता काय?’ कोणतीही काळजी न घेता, कसलाही संपर्क न होता जन्मलेल्या १०० बाळांतही दोन-तीन बाळांना काही जन्मजात दोष असतो. तेव्हा त्या एका संध्याकाळच्या वासाला दोष देत बसू नका. डबा किंवा बाटली फेकू नका, लेबलचा फोटो काढा. कीटकनाशकाच्या लेबलवर रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. तो रंग, औषधाचं नाव, किती वेळ संपर्क झाला आणि तुमचा कितवा आठवडा होता, एवढं कागदावर लिहा. श्वास घ्यायला त्रास, सतत उलट्या, थरथर, गुंगी यांतलं काही असेल तर थेट दवाखाना, घरी कुणाला काय वाटेल याचा विचार न करता. तसं काही नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. स्वतः करा.