कॉफी कशातून गाळावी?



कामगार चळवळीतल्या माणसाने कॉफीच्या भांड्यांवर बोलावे, हे वाचून काही मंडळी चकित झाली असतील. पण कॉफीचा आणि कामगार संघटनेचा संबंध जुना आहे. १९५०-६० च्या दशकात कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करावयास घेतली, तेव्हा काम गेलेल्या वाढप्यांनी व आचाऱ्यांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने स्वतःच्या सहकारी सोसायट्या काढल्या. पहिली बंगलोरला, १९५७ च्या ऑगस्टमध्ये. आणि १९५८ संपेपर्यंत आपल्या नागपुरातही. तेव्हा या पेयाविषयी चार शब्द बोलण्याचा आमचाही थोडा हक्क पोचतो. आणि कॉफी ही केवळ दक्षिणेची मिरास नव्हे; आपल्या विदर्भात, चिखलदऱ्याला, ती पिकते.

हल्ली आपल्या वस्तीत घरोघरी कॉफीची नवी यंत्रे येऊ लागली आहेत. मुले नोकरीला लागतात, पहिल्या-दुसऱ्या पगारात एखादे चकचकीत यंत्र घरी आणतात. त्याच सुमारास वडिलांच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढल्याचा कागद येतो, आणि घरात वाद सुरू होतो की कॉफी सोडावी की ठेवावी. आमचे म्हणणे असे की, सोडण्याधरण्याच्या आधी ती कशातून गाळली जाते, एवढे पाहावे.

कॉफीच्या बीत तेल असते, आणि त्या तेलात कॅफेस्टॉल व काह्वेऑल नावाची दोन द्रव्ये असतात. ही द्रव्ये पोटात गेली की रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढते. नॉर्वे देशात ट्रोम्सो येथे १९८३ साली शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले की, जास्त कॉफी पिणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल जास्त आहे. त्या मुलखात पूड पाण्यात उकळून, गाळ खाली बसला की वरचे पाणी प्यायची रीत होती. पुढे असे दिसले की तीच कॉफी कागदातून गाळली तर हा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. कागद तेल धरून ठेवतो, रंग आणि चव मात्र खाली जाऊ देतो. हा कागद कोणा मोठ्या प्रयोगशाळेतला नव्हे बरे का! ड्रेस्डेनच्या मेलिटा बेन्ट्झ या गृहिणीने १९०८ साली पितळी भांड्याला भोके पाडली आणि मुलाच्या वहीतला टीपकागद त्यात घातला. तोंडात गाळ येतो अशी त्या बाईंची तक्रार होती.

आता खरी मौज पुढेच आहे. स्वीडनच्या उप्साला येथील संशोधकांनी कामाच्या ठिकाणी ठेवलेल्या यंत्रांतली कॉफी तपासली. तो अहवाल २०२५ साली प्रसिद्ध झाला. यंत्रात पूड उकळत्या पाण्याने भिजवून धातूच्या जाळीतून गाळणाऱ्या प्रकारात दर लिटरला सुमारे १७६ मिलिग्रॅम कॅफेस्टॉल निघाले. कागदातून गाळलेल्या कॉफीत सुमारे १२. नुसत्या उकळलेल्या कॉफीत तर ९३९! आणि हीच उकळलेली कॉफी कापडातून गाळली, तेव्हा आकडा २८ वर आला. म्हणजे आजीच्या हातचे पांढरे फडके महागड्या यंत्राच्या पुढे गेले. यंत्र विकणारे हे सांगणार नाहीत, म्हणून आम्ही सांगतो.

आपल्याकडची रीत म्हणजे दुधात साखर, पूड, जायफळ घालून उकळायचे आणि स्टीलच्या गाळणीतून कपात ओतायचे. गाळणी गाळ अडवते, तेल अडवत नाही. यावर उपाय सोपा. पूड आधी पाण्यात उकळावी, तो काढा कापडातून गाळावा, आणि मग त्यात गरम दूध घालावे. दुधासकट कापडातून गाळू नये; साय अडकते, फडके आंबते. दक्षिणी दोनमजली फिल्टर आम्हांला आवडतो, त्यात पुडीचा दाबलेला थर स्वतःच काही तेल धरतो. कोलेस्टेरॉलची चिंता असणाऱ्याने वरच्या मजल्याच्या तळाशी कागदाची गोल चकती घालावी. थेंब हळू पडतील, घाई असणाऱ्याने रात्रीच लावून ठेवावे. दांडा दाबून पूड खाली बसवण्याचे काचेचे भांडे दिसायला सुरेख आहे, पण त्याची जाळी धातूची. बाटलीतल्या झटपट कॉफीत हे तेल फारच थोडे असते, हे तिच्या निंदकांनीही मान्य करावे. आणि दिवसाला एकदोन कप पिणाऱ्या निरोगी माणसाने या आकड्यांनी झोप उडवून घेऊ नये. आम्ही बोलतो ते चारपाच कडक कपवाल्यांविषयी.

भांड्याच्या धातूचे थोडक्यात सांगतो. पितळी फिल्टर असेल तर आतून कल्हई शाबूत हवी, कारण कॉफी किंचित आंबट असते आणि उघड्या पितळेतून तांबे उतरते. कल्हईवाला आता शोधून सापडत नाही; तेव्हा स्टील घ्यावे हे बरे. कागद पांढरा की तपकिरी, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

गाळण्याने सुटत नाही अशी एक गोष्ट मात्र आहे, आणि ती आमच्या भगिनींच्या जिव्हाळ्याची आहे. चहाकॉफीमुळे अन्नातले लोह अंगी कमी लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली स्पष्ट सांगितले की, जेवणाच्या आधी व नंतर किमान एक तास चहाकॉफी घेऊ नये, आणि दिवसाचे कॅफिन ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे. गाळलेल्या १५० मिलिलिटर कॉफीत ८० ते १२० असते; हिशेब ज्याचा त्याने करावा. हिंगण्याच्या कारखान्यांत डब्याची सुट्टी अर्धा तास, आणि डबा संपता संपताच कप हातात येतो. पंडुरोगाच्या गोळ्या घेणारी बाई त्याच कपाने गोळीवर पाणी ओतते. म्हणून आमची मागणी अशी की, पेयाची सुट्टी डब्याच्या सुट्टीपासून वेगळी असावी, आणि उपाहारगृहात यंत्र बसवताना गाळणे कागदाचे की जाळीचे, हे कामगारांना विचारू द्यावे.

फडक्याविषयी विचारणा झाली आहे म्हणून सांगतो. साधे, घट्ट विणीचे, रंग न दिलेले सुती कापड घ्यावे, पहिल्यांदा उकळून खळ काढून टाकावी. वापरल्यावर नुसत्या गरम पाण्याने धुवावे, साबण लावू नये, वास कॉफीत उतरतो. उन्हात वाळवावे, नागपुरात उन्हाची वाण नाही. धुऊनही तेलकट वास येऊ लागला की ते फडके पुसायला काढावे आणि नवे फाडावे.