पिल्लू दाण्यावर का येत नाही?

कोंबडीपालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, पिल्लं आणली, पण दाण्यावरच येत नाहीत. भूक वाढवायचं एखादं टॉनिक सांगा ना!" टॉनिकचं नंतर बघू. आधी पिल्लाला भूक लागते कशी, ते बघू.

पोटात कावळे ओरडतात असं आपण म्हणतो खरं, पण खायचं की नाही हे ठरतं मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या छोट्याशा भागात. तिथली काही रसायनं 'खा' म्हणतात, काही 'पुरे' म्हणतात. न्यूरोपेप्टाइड वाय हे 'खा' म्हणणारं. पिल्लाच्या मेंदूत ते अगदी सूक्ष्म प्रमाणात टोचलं, तर पोट भरलेलं पिल्लूही पुन्हा चोच मारू लागतं. याउलट सीआरएफ. ते ताणाचं रसायन. गारठा, भीती, प्रवासाची दगदग झाली की ते वाढतं आणि पिल्लाची भूक मारतं.

घ्रेलिनचा प्रकार तर गमतीचा आहे. जपानी शास्त्रज्ञांनी 1999 मध्ये शोधलेलं हे जठरातलं संप्रेरक माणसाची आणि उंदराची भूक वाढवतं. 2001 मध्ये जपानमध्येच ते कोंबडीच्या पिल्लांच्या मेंदूत टोचून पाहिलं, तर पिल्लांचं खाणं उलट कमी झालं! पुढे दिसलं की त्यामागेही सीआरएफचाच हात आहे. माणसाला लागू पडतं ते पिल्लाला लागू पडेलच, असं धरून चालू नका.

भुकेत वंशाचाही वाटा असतो. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये शास्त्रज्ञ पॉल सीगल यांनी 1957 पासून एकाच जातीच्या कोंबड्यांचे दोन वंश वेगळे वाढवले. आठव्या आठवड्याला वजनदार भरणाऱ्या एकीकडे, हलक्या दुसरीकडे. हलक्या वंशात काही पिल्लं अशी निपजतात की समोर दाणा असूनही ती खात नाहीत. या वंशाच्या पिल्लांना अंड्यातून निघाल्यावर लगेच थंडीत ठेवलं आणि खाद्य उशिरा दिलं, तर पुढे न्यूरोपेप्टाइड वाय टोचूनही त्यांना भूक लागत नाही. आपली ब्रॉयलर पिल्लं इतकी नाजूक नसतात, ती उपजतच खादाड. पण गारठलेलं पिल्लू खात नाही, हे त्यांनाही लागू आहे.

जन्मतः पिल्लाच्या पोटात बलकाचा थोडा भाग शिल्लक असतो. त्यावर ते दोन-तीन दिवस तगतं, म्हणून तर पिल्लं लांबून आणता येतात. पण तगणं वेगळं आणि वाढीला लागणं वेगळं. गाडीतून उतरवली की लगेच पाणी आणि खाद्य. पहिले दोन-तीन दिवस तुसावर कागद अंथरून त्यावरच खाद्य पसरा, म्हणजे पायाखाली दाणा दिसतो आणि पिल्लू चोच मारतं.

ऊब देणारा ब्रूडर पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशीच पेटवा. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर 32 ते 35 अंश ऊब हवी, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. दिव्याखाली ढीग करून चिवचिवाट करत असतील तर गारठलीत. कडेला जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उकडतंय. पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून बघा, गार लागले की समजा ऊब कमी पडतेय.

पिल्लं सोडली त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी दहा-वीस पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपा. मऊ, भरलेली लागली तर दाणापाणी दोन्ही पोचलंय. टणक लागली तर पाणी कमी पडलंय. रिकामी असेल तर आधी ऊब तपासा, मग भांडी पुरेशी आहेत का ते बघा.

आता टॉनिक. माझं मत विचाराल तर ऊब, पाणी, उजेड आणि शांतता असताना त्याची गरज पडत नाही, आणि हे नसेल तर त्याचा उपयोग होत नाही. एवढं सगळं नीट असूनही पिल्लं मलूल राहिली, तर तो आजार समजा. नुकतंच मेलेलं पिल्लू पिशवीत घालून लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, शवविच्छेदन करून घ्या, आणि त्याआधी मनानं अँटिबायोटिक देऊ नका.