आईचे खाणे आणि पोटातल्या बाळाची हालचाल



हमाल-कामगारांच्या माणसाने गर्भारपणावर काय बोलावे, असे काहींना वाटेल. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा सातवीतच सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत झाले. पण या विषयात आमच्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती लातुरातच घडली, म्हणून ती लातुरातच सांगावी असे ठरवले.

येथल्या एका डाळ मिलमध्ये निवडणीवर असलेली एक बाई बाळंतपणाला माहेरी, नांदेडला गेली होती. दिवस भरत आलेले. तपासणीच्या दिवशी नेमकी चतुर्थी. पोटात चहाशिवाय काही नाही. पोटाला पट्टा बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात. बाळ हालले की ठोके थोडा वेळ वाढतात. 20 मिनिटांत असे दोनदा तरी व्हावे, अशी अपेक्षा असते. ते होईना. "काही खाऊन या," असे तिला सांगितले. ती केळी व राजगिऱ्याचा लाडू खाऊन आली, पुन्हा पट्टा बांधला, आणि लेकरू ढुशा मारू लागले.

ही हकीकत आम्ही गेटसभेत रंगवून सांगितली. गोड खा, बाळ हालते! वर्षभराने त्याच मिलमधली दुसरी बाई, आठवा महिना संपलेला, "लेकरू हालंना झालंय" म्हणून घाबरली. शेजारणीने तिला आमचेच वाक्य ऐकवले. तिने गुळाचे पाणी घेतले आणि वाट पाहिली. एक रात्र, मग दुसरी. दवाखान्यात पोचली तेव्हा ठोके नव्हते. आधी आली असती तर मूल वाचले असते का, हे कोणी सांगू शकले नाही. तिने आम्हांला बोल लावला नाही. अजूनही भाऊच म्हणते.

मग आम्ही वाचू लागलो, डॉक्टरांना विचारू लागलो. पोटातले बाळ झोपते. एका वेळी बहुधा 20 ते 40 मिनिटे. पहिली बाई खाऊन येईपर्यंत पाऊण तास गेला होता. लाडवाने नव्हे, झोप संपली म्हणून ते उठले असावे. आईच्या जेवणानंतर रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, त्याच्या छातीची श्वासासारखी हालचाल वाढते, हे खरे. दीर्घ उपवासात ती कमी होते, हेही खरे. परंतु साखर देऊन हा आलेख सुधारतो का, याचे प्रयोग झाले, ते एकत्र तपासले गेले, आणि फरक आढळला नाही. म्हणून उपाशी तपासणीला जाऊ नये. पण हालचाल कमी वाटली तर गुळाच्या भरवशावर घरी मुळीच थांबू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा.

आता खाण्याचे खरे मोल कुठे आहे? 1993 पासून पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत सुमारे 800 गर्भारणींचा अभ्यास केला. ज्या बाया पालेभाजी, फळे, दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती. आणि ज्यांना शेतातले, पाणी वाहण्याचे जड काम अधिक, त्यांची बाळे लहान. हे दुसरे वाक्य वाचून आम्ही पुस्तक मिटले व बराच वेळ बसून राहिलो. आम्ही मजुरीच्या दराविषयी भांडत होतो. पोत्याच्या वजनाविषयी, गर्भारणीच्या संदर्भात, कधी तोंड उघडले नव्हते.

1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते की बाळंतपणाआधी आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. पुढल्या वर्षी कायदा झाला, तो कारखान्यांपुरता. रोजंदारीवर डाळ निवडणारी बाई आजही तपासणीला गेली की तिचा रोज बुडतो. म्हणून ती पहाटेच्या एस.टी.ने उपाशी निघते आणि दुपारपर्यंत परत कामावर यायला धावते.

गेल्या साली दोन मालकांनी तपासणीचा दिवस पगारी मानला, व सातव्या महिन्यापासून पोते उचलायला लावणार नाही असे लिहून दिले. तिसऱ्यांशी बोलणी चालू आहेत. त्यांचे चिरंजीव आज सभेत बसले आहेत, असे कळते. व्याख्यान संपल्यावर आम्ही बाहेर चहाच्या टपरीपाशी उभे असू.