आजारातून उठताना
(वर्षावासातील कार्यक्रमात झालेले भाषण)



‘आजार आणि मनोबल’ या विषयावर मला दोन शब्द बोलायला सांगितले आहे. मी डॉक्टर नाही की पंडित नाही. परंतु क्षयाचे सहा महिन्यांचे औषध मी पूर्ण केले आहे, त्या अनुभवाने बोलते.

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची हकिगत आहे. त्याला अतिसार झाला होता. तो घाणीत पडून होता, पण कुणी फिरकत नव्हतं. कारण काय, तर तो कुणाच्या कामाला येत नव्हता! भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला न्हाऊ घातलं, आणि आजाऱ्याची सेवा तीच माझी सेवा, असा उपदेश संघाला केला.

बंधू-भगिनींनो, ‘मी कुणाच्या कामाची उरले नाही’ हे दुखणं गोळीने जात नाही. मला त्यावर मेथीचा उपाय सापडला. तेलाच्या जुन्या डब्यांना खिळ्याने बुडाशी भोकं पाडली, माती आणि कुजलेलं शेणखत भरलं. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं वर काढते, महिन्याभरात भाजीजोगी होते. धने मात्र रगडून दोन फाकी करून पेरावेत. ते आठ-दहा दिवस वाट पाहायला लावतात. उकरून बघून चालत नाही. आजाऱ्याला हाच धीर शिकायचा असतो.

सुरुवातीला एक तांब्या नेताना धाप लागायची. एका डब्याला पाणी घालून मी बसायची. हळूहळू सगळ्या डब्यांना घालू लागले. पहिली जुडी शेजारी पाठवली. इतके दिवस दुसऱ्यांच्या हातचं घेतच होते, त्या दिवशी दिलं. त्या रात्री झोप गोड लागली.

सुत्तनिपातात शेतकरी ब्राह्मण कसीभारद्वाजाला तथागत सांगतात, की मीसुद्धा शेती करतो. तिथे श्रद्धेला बियाण्याची आणि वीर्याला, म्हणजे प्रयत्नाला, बैलाची उपमा दिली आहे. आपल्याला अनित्य म्हटलं की मरणच आठवतं. पण अंकुर फुटतो तोही अनित्यामुळेच, आणि आजार सरतो तोही!

आता दोन गोष्टी कळकळीने सांगते. दोन महिन्यांत बरं वाटतं म्हणून गोळ्या सोडू नका. अर्धवट औषधाने जंतू निर्ढावतात, मग साधी औषधं लागू पडत नाहीत. सरकारी दवाखान्यात हे औषध मोफत मिळतं. आहारासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० केले आहेत. नाव नोंदवा, लाजू नका.

दुसरं, आजाऱ्याचा पेला वेगळा ठेवू नका. क्षय खोकल्यातून, हवेतून पसरतो, ताट-पेल्यातून नाही. तोंडाला रुमाल धरावा, खिडकी उघडी ठेवावी. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते आपण आपल्याच घरात शिवाशिव पाळावी म्हणून का?

आपल्या वस्तीत कुणी आजारातून उठत असेल, तर भेटीला जाताना फळांबरोबर मूठभर मेथीदाणे आणि एक मातीचा डबा न्या. महिन्याने त्यांच्याकडची भाजी आनंदाने घ्या. त्यांना देऊ द्या.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते. जयभीम! नमो बुद्धाय!