वसतिगृह आणि छंद



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्तापासून अंदाजपत्रकापर्यंत सर्व विषय येऊन जातात. तरीही 'वसतिगृह आणि छंद' हे शब्द कार्यक्रमपत्रिकेत वाचून काही जणांना वाटले असेल की, कॉलेजच्या स्नेहसंमेलनातला एखादा विषय वाट चुकून येथे आला. आम्हांला तसे वाटत नाही. अमरावती हे विद्यार्थ्यांचे गाव आहे. विदर्भात पहिले विद्यापीठ 1923 साली नागपुरास निघाले. त्याच वर्षी आपल्याकडे राजे एडवर्ड यांच्या नावाचे सरकारी कॉलेज सुरू झाले, त्याचेच पुढे विदर्भ महाविद्यालय झाले. 1983 च्या 1 मे रोजी अमरावतीला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, त्याला पुढे संत गाडगेबाबांचे नाव दिले गेले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतली मुले येथे येतात. ती कोठे राहतात, काय खातात, याची चौकशी आपण अधूनमधून तरी करतो. रात्री पुस्तक मिटल्यावर ती काय करतात, हे मात्र कोणी विचारीत नाही. आज तेवढेच विचारायचे आहे.

आपल्याकडचे वसतिगृह जन्मले तेच मुळी भाकरीच्या चिंतेतून. पंजाबराव देशमुख विलायतेतून बॅरिस्टर होऊन आणि वेदवाङ्मयावर प्रबंध लिहून 1926 साली परत आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्लीस स्वामी श्रद्धानंदांची हत्या झाली आणि त्यांच्या नावाने पंजाबरावांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले. खेड्यातला, शेतकऱ्याचा, कोणत्याही जातीचा मुलगा शहरात आला तर त्याने अंग कोठे टाकावे आणि पंगतीला कोठे बसावे, हा त्या वेळी फार मोठा प्रश्न होता. विमलाबाईंनी त्या मुलांचे आईसारखे केले, ही आठवण जुनी माणसे सांगत आली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 पासून हेच काम आरंभले होते. भाऊराव पाटलांचे साताऱ्याचे वसतिगृह 1924 चे. तेथे मूठमूठ धान्य गोळा करून मुलांची चूल पेटत असे. सोलापुरास 1925 साली बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह निघाले. या सगळ्या घरांतून पहिला प्रश्न एकच होता, तो म्हणजे जेवणाचा. त्यामुळे वसतिगृह म्हणजे खाट, ताट आणि दिवा, असे समीकरण आपल्या मनात ठरून गेले. ते त्या काळी बरोबरच होते. ज्याच्या पोटात अन्न नाही त्याला बासरी देऊन काय उपयोग?

परंतु एक गोष्ट त्या समीकरणात कधीच बसली नाही. पत्र्याची पेटी, वळकटी आणि आईने दिलेला डबा एवढेच घेऊन मुलगा येतो, असे आपण समजतो. खरे तर तो आणखी काही तरी घेऊन येतो. मोझरीच्या बाजूच्या मुलाच्या बोटांत खंजिरी असते, कारण तुकडोजी महाराजांच्या भजनांवर त्याच्या गावच्या मंडळाची रात्र जागत आलेली असते. मेळघाटातला कोरकू मुलगा पाखराचा आवाज ऐकून त्याचे नाव सांगतो. ते नाव पुस्तकात सापडत नाही ही गोष्ट निराळी. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या मुलाला आकाश वाचता येते. कोणाला कुस्तीचे वेड असते, कोणाला जुनी नाणी जमविण्याचे, आणि एखाद्याला रेडिओ उघडून पुन्हा जोडण्याचे. हे सारे तो ट्रंकेच्या तळाशी ठेवून येतो, कारण आपल्या गावंढळ आवडीला शहरात लोक हसतील अशी धास्ती त्याला असते. पहिले सहा महिने तो आपली वऱ्हाडी बोलीसुद्धा दाबून बोलतो. 'काहून' तोंडातून निसटले की जीभ चावतो. खोलीतल्या दुसऱ्याने तितक्याच सहजपणे 'काहून बे?' म्हटले की मग कोठे त्याचा जीव भांड्यात पडतो आणि ट्रंकेचे झाकण थोडेसे उघडते.

छंद आणि वसतिगृह यांचे नाते आहे ते येथे. शिकवणी एकट्याने घेता येते, परीक्षा तर एकट्यानेच द्यावी लागते. छंद मात्र बहुधा शेजाऱ्याकडून लागतो, सर्दीसारखा.

याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण सांगण्यासारखे आहे. चार्ल्स डार्विन हा तरुण 1828 साली केंब्रिजला क्राइस्ट्स कॉलेजात दाखल झाला. वैद्यकी त्याला मानवली नव्हती, तेव्हा वडिलांनी त्याला धर्मोपदेशक करण्याचे ठरविले. त्याच कॉलेजात त्याचा एक चुलतभाऊ होता, त्याला भुंगेरे जमविण्याचा नाद होता. तो नाद डार्विनला असा लागला की, अभ्यास बाजूला राहिला. एकदा झाडाची साल काढताना दोन दुर्मिळ भुंगेरे दिसले. दोन हातांत दोन धरले, इतक्यात तिसरा दिसला. हातचा सोडवेना, म्हणून पठ्ठ्याने एक तोंडात टाकला! किड्याने जिभेवर असा जळजळीत रस सोडला की तो थुंकावा लागला आणि तिसराही निसटला. ही हकीकत डार्विनने स्वतःच लिहून ठेवली आहे. याच नादापायी वनस्पतिशास्त्राच्या हेन्स्लो या प्राध्यापकांशी त्याचा स्नेह जुळला आणि त्यांच्यामुळे 1831 साली 'बीगल' जहाजावर जाण्याची संधी त्याच्याकडे आली. पुढचे आपण जाणता. वडिलांच्या मते मात्र तो मुलगा वेळ वाया घालवीत होता.

परदेशाचे उदाहरण परके वाटत असेल तर आपल्या घरचे घ्या. भीमराव आंबेडकर 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. लिव्हिंग्स्टन हॉल या विद्यार्थिनिवासात त्यांची नवल भथेना या पारशी तरुणाशी गाठ पडली. शिष्यवृत्ती बेताची, त्यातून घरी पैसे पाठवायचे. अशा स्थितीत त्यांचा एक शौक होता, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हिंडून पुस्तके विकत घेण्याचा. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी दोन हजारांच्या आसपास पुस्तके जमविली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ती पुस्तके अभ्यासक्रमात होती म्हणून घेतली, असे कोणी म्हणू शकेल काय? आणि त्या निवासातली मैत्री? शिक्षण पुरे करण्यासाठी 1920 साली आंबेडकर पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा पैशाची मदत करणाऱ्यांत हाच भथेना होता. एका छताखाली राहण्याने माणसाला काय मिळते, याचा हिशेब कोणत्याही गुणपत्रिकेत मांडता येत नाही.

आता आजची स्थिती पाहू. आज वसतिगृहे पुष्कळ झाली. जागा न मिळालेल्या मुलांसाठी सरकारने 2016 च्या सुमारास योजना काढल्या, एक स्वाधार नावाची, दुसरी पंजाबरावांच्याच नावाने वसतिगृह निर्वाह भत्त्याची. स्वाधार सुरू झाली तेव्हाचा हिशेब अमरावती-अकोल्यासारख्या महापालिकेच्या शहराकरिता असा होता : वर्षाला भोजनासाठी 28,000, निवासासाठी 15,000 आणि निर्वाहासाठी 8,000, एकूण 51,000 रुपये. ही मदत मोलाची आहे, तिच्यावर कित्येकांचे शिक्षण उभे आहे, आणि ती वेळेवर मिळावी एवढीच मुलांची रास्त मागणी असते. आमचे म्हणणे इतकेच की, या मांडणीत अजूनही खाट, ताट आणि दिवाच आहे. शंभर वर्षांत आपला विचार त्या तीन शब्दांपलीकडे सरकलेला नाही.

आणि मुले? रात्री नवाच्या सुमारास वसतिगृहाच्या गॅलरीतून चालत जा. पूर्वी एका खोलीत कॅरम, दुसरीत वादविवाद, तिसरीत बेसूर गाणे अशी गंमत असे. आता दारे लोटलेली असतात. आत चौघे चार खाटांवर, चौघांच्या कानांत चार निरनिराळी गाणी. मोबाइलला शिव्या देण्याचा आमचा विचार नाही. त्या यंत्रावर धारणीचा मुलगा तबल्याचे बोल ऐकतो आणि आर्वीची मुलगी चित्रे काढायला शिकते, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या यंत्रात एक उणीव आहे : शेजारच्या खाटेवरच्याला त्याची सर्दी लागत नाही. उरलेला वेळ स्पर्धापरीक्षेचा. पहाटेपासून अभ्यासिका. छंद विचारला तर मुलगा सांगतो, 'पोस्ट निघाल्यावर पाहू, सर.' पोस्ट शेकड्यांत निघते आणि अर्ज लाखांत येतात, हे त्यालाही ठाऊक असते.

येथे आम्हांला कोणी विचारील, आणि विचारलेच पाहिजे, की ज्याच्या घरी चार एकर कोरडवाहू कापूस आहे, बापाच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे, त्या पोराला तुम्ही बासरी वाजवायला सांगता काय? शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या या वऱ्हाडात हा प्रश्न हसण्यावारी नेता येणार नाही. आमचे उत्तर असे आहे. त्या पोराने दिवसाचे दहा तास अभ्यास करावा, अवश्य करावा. पण ज्या दिवशी यादीत नाव नसते, त्या दिवशी त्याच्यापाशी स्वतःचे असे काही तरी उरले पाहिजे. 'परीक्षार्थी' ही एकच ओळख असलेला मुलगा नापास झाला की, सगळाच्या सगळा नापास होतो. ज्याला उद्या पहाटे छत्री तलावावर पाखरे पाहायला मित्र बोलावतो आहे, त्याला निदान उद्या पहाटे उठायला एक कारण असते. आम्ही याहून मोठा दावा करीत नाही.

पाखरांवरून आठवले. रानपिंगळा नावाचे लहानसे घुबड 1884 नंतर कोणाच्या नोंदीत नव्हते, ते नष्ट झाले असेच धरून चालले होते. 1997 साली ते खानदेशात शहाद्याच्या बाजूला पुन्हा दिसले आणि मग आपल्या मेळघाटातही आढळले. त्या डोंगरातली मुले आपल्या वसतिगृहांतून राहतात. त्यांच्या तोंडी असलेली रानाची माहिती ऐकायला त्यांच्या मजल्यावर कोणी बसते का?

अमरावतीने छंदाची किंमत ओळखलेली नाही असे नाही. 1914 साली वैद्य बंधूंनी व्यायामाच्या वेडातून हनुमान आखाडा काढला, आणि त्याच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने 1936 साली ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन कबड्डीसारखे देशी खेळ दाखविले. सुरेश भट याच गावचे. लहानपणी पोलिओने पाय अधू झालेला, आईने दिलेल्या पेटीवर सूर धरलेला हा मुलगा बी. ए.च्या शेवटच्या वर्षी दोनदा नापास होऊन 1955 साली उत्तीर्ण झाला. त्या दोन वर्षांत शेजारीपाजारी काय म्हणत असतील, याची कल्पना आपल्यापैकी प्रत्येकाला करता येईल. आपल्याच घरी तसा मुलगा असता तर आपणही तेच म्हटले असते.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. छंद म्हणताच आपल्या संस्था स्पर्धा भरवितात. युवा महोत्सव, ढाल, प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्राचे गुण. उत्सव असावेत, त्यांतून नाटकाला नट मिळतात. पण ज्याला प्रमाणपत्र मिळते तो छंद हळूहळू आणखी एक पेपर होतो. वाईट पेटी वाजविण्याचाही अधिकार मुलाला असला पाहिजे. एका वसतिगृहात, नाव सांगत नाही, आम्ही नियमांचा फलक पाहिला : वाद्ये वाजविण्यास मनाई, भिंतीला खिळा ठोकण्यास मनाई, पाहुण्यास मनाई. खिळ्याचे आम्ही समजू शकतो. वाद्यांसाठी मात्र एक कोपऱ्यातली खोली आणि सायंकाळचा एक तास ठरवून देता आला असता, त्याला पैसाही लागला नसता.

मुलींचे तर याहून कठीण. बहुतेक ठिकाणी दिवेलागणीनंतर फाटक बंद होते. सुरक्षिततेचे कारण खोटे नाही. आईबाप त्याच भरवशावर मुलीला पाठवितात. पण गावातले गाणे, नाटक, व्याख्यान हे सगळे फाटक बंद झाल्यावरच सुरू होते. आजच्या या सभेकडे पाहा. समोर मुलींच्या वसतिगृहातली एकही विद्यार्थिनी नाही. त्या आल्या नाहीत असे नव्हे. त्यांना येता येत नाही. शिवाय आपली व्याख्यानमाला असते ऐन परीक्षेच्या दिवसांत, तेव्हा मुलांच्या वसतिगृहातूनही कोण येणार?

म्हणून या सभेच्या चालकांना आमची विनंती आहे. या मालेतले एक व्याख्यान पुढच्या वर्षी परीक्षांपूर्वी, जानेवारीत, एखाद्या मुलींच्या वसतिगृहाच्या अंगणात ठेवावे. श्रोत्यांनी तिकडे जावे. आणि आपल्यापैकी जे तबला शिकवितात, ज्यांच्याकडे दुर्बीण आहे, ज्यांच्या माडीवर जुन्या मासिकांचे गठ्ठे वाळवीची वाट पाहत पडले आहेत, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ जवळच्या वसतिगृहाला द्यावी. शिकवायला जाऊ नये. आपला छंद घेऊन तेथे बसावे, एवढेच. गृहपालांशी बोलण्याची जबाबदारी आम्ही घेतो. ज्यांना नावे द्यायची आहेत, त्यांच्यासाठी दाराशी वही ठेवली आहे.