आधी धूर, मग टाईल्स

(ग्रामसंघाच्या वार्षिक सभेत आमच्या एका गट-सचिव ताईंनी केलेलं भाषण. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं देत आहोत.)



अध्यक्षताई म्हणल्या, विषय तुमच्या मनानं घ्या. मी स्वयंपाकघर घेतलं, तर दोघी-तिघी हसल्या. त्यात काय बोलायचं? पण हिशोब करून बघा. सकाळी उठल्यापासून रात्री भांडी पालथी घालेपर्यंत आपले पाच-सहा तास त्याच खोलीत जातात. गटाच्या कर्ज रजिस्टरात मात्र कारणाच्या रकान्यात काय असतं? शेळी, खत-बियाणं, पोराची फी, दवाखाना. मी सात वर्षं रजिस्टर लिहिते, ‘स्वयंपाकघर’ हा शब्द त्यात कधी आला नव्हता. पहिल्यांदा तो मीच लिहिला. आणि चुकले. ती चूक तुम्हाला सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

आमचं घर आधी माळवदाचं होतं. आपल्या भागातली जुनी घरं तुम्हाला माहीत आहेत. चुलीच्या वर माळवदाला भोक असायचं, आपण त्याला सानं म्हणायचो. उजेड तिथून खाली यायचा, धूर तिथून वर जायचा. पुढं माळवद गळायला लागलं, आम्ही ते काढून पत्रे टाकले. घर बदललं, चूल तीच राहिली आणि सानं गेलं. तुराट्या, पळाट्या, गोवऱ्या, सगळ्याचा धूर पत्र्याला धडकून परत तोंडावर यायचा. सासूबाईंचा खोकला वाढला, तर आम्ही म्हणायचो, वयच झालं.

गॅस आला म्हणून हे संपलं असं समजू नका. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि आपल्यातल्या कितीतरी घरांत सिलिंडर आला. पण खरं सांगा, आंघोळीचं पाणी कशावर तापतं? घरात आठ-दहा माणसं असली की भाकरी कशावर होते? टाकी संपली आणि हातात पैसे नसले की आपण परत चुलीपुढंच बसतो. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, की घरातल्या धुरामुळं २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यात पाच वर्षांखालची लेकरं २ लाख ३७ हजारांवर होती. आपण भाकऱ्या थापतो, तेव्हा लेकरू कुठं असतं? मांडीवर, नाहीतर शेजारी.

आता माझी चूक. दोन वर्षांमागं हळदीचे पैसे आले, त्यात गटातून २५ हजार कर्ज घेतलं. मालक आणि गवंडी दोघं बोलले, मी चहा दिला. शहरात पाहुण्यांकडं असतो तसा ३६ इंची ओटा बांधला. काळा चकचकीत दगड, मागं फुलांच्या टाईल्स. गाव बघायला आलं. आणि आठ दिवसांत माझे खांदे भरून आले. माझी उंची पाच फूट. ओटा ३६ इंच, त्यावर शेगडी, त्यावर पातेलं! आत काय शिजतंय हे बघायला मला टाचा उंचवाव्या लागायच्या. काठवट ओट्यावर ठेवून पीठ मळता येईना, म्हणून मी परत खाली बसले. मोरी एका कोपऱ्यात, ओटा दुसऱ्या कोपऱ्यात. चूल अंगणात गेली, ती पावसाळ्यात परत आत आली. म्हणजे टाईल्सवर काजळी धरली आणि धूर होता तिथंच राहिला.

गवंड्याला मी दोष देत नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, की इथं उभं कोण राहणार आहे.

हा प्रश्न फक्त आपलाच नाही बरं का. जर्मनीत फ्रँकफर्ट नावाचं शहर आहे. तिथं १९२६ साली मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या बाईंनी कामगारांच्या घरांसाठी स्वयंपाकघराचा आराखडा केला. बाईला एका कामासाठी किती पावलं चालावी लागतात, कितीदा वळावं लागतं, याचा त्यांनी विचार केला आणि मग कोणती वस्तू कुठं हे ठरवलं. खोली साधारण सहा फूट रुंद, अकरा फूट लांब. म्हणजे आपल्यापेक्षा मोठी नाही. तशी जवळजवळ १० हजार स्वयंपाकघरं तिथं झाली.

आणि आपल्या जवळचं सांगते. आपला हिंगोली भाग आधी हैदराबाद राज्यात होता. त्याच हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी १९५० च्या सुमारास मातीचीच, पण नळीतून धूर बाहेर सोडणारी चूल तयार केली. पुढं १९८० नंतर सरकारनंही देशभर अशा चुली वाटल्या. त्यातल्या पुष्कळ बंद पडल्या, कारण नळी फुटली किंवा काजळीनं तुंबली, आणि ती साफ कशी करायची हे बाईला कोणी दाखवलंच नाही. तेव्हा चूल घ्या, पण तिची निगाही शिकून घ्या.

मी दुसऱ्यांदा ९ हजारांत काम केलं. या वेळी मोजपट्टी माझ्या हातात होती. काय केलं, ते क्रमानं सांगते.

पहिला धूर. चूल भिंतीलगत घेतली, मागं वैल ठेवला आणि वैलाच्या पुढं नळी काढून ती पत्र्याच्या वर तीन फूट नेली. नळी पत्र्यातून जिथं जाते तिथं लाकडाला लागू दिली नाही. महिन्यातून एकदा काठीला चिंधी बांधून काजळी काढते. समोरच्या भिंतीत खाली झरोका आणि वर खिडकी. वारा खालून येतो, धूर वरून जातो. पैसे नसतील तर निदान पत्र्याखालच्या दोन विटा काढा.

दुसरं पाणी. मोरी ओट्याला लागून घेतली. सांडपाणी दारात न सोडता शोषखड्ड्यात सोडलं. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून गटारी बंद केल्या, ते तुम्ही ऐकलं असेल. खरकटं मात्र आधी जाळीवर अडवा, नाहीतर खड्डा तुंबतो.

तिसरी उंची. सरळ उभ्या राहा, हात कोपरात वाकवा. कोपराच्या चार ते सहा इंच खाली चिरायचं-मळायचं काम आलं पाहिजे. शेगडीची जागा त्याहून थोडी खाली. माझा ओटा फोडून ३१ इंच केला. पण शेगडी सिलिंडरपेक्षा उंचच असली पाहिजे, सिलिंडर उभाच ठेवायचा, आणि पेटती चूल त्याच्याजवळ नको. ज्यांना बसूनच भाकरी जमते त्यांनी बसायची जागा मोडू नये. फक्त पाठ टेकायला भिंत आणि खाली पाट ठेवा.

चौथा उजेड आणि फळ्या. रोजचं तिखट-मीठ हाताच्या उंचीवर, वर्षाचं धान्य खाली, दिवाळीची भांडी वर. पत्र्यात एक पारदर्शक पत्रा टाकला, तर दिवसा बल्ब लावावा लागत नाही.

पाचव्या नंबरला टाईल्स. मी टाईल्सच्या विरोधात नाही. चांगलं दिसावं असं कोणाला वाटत नाही? शेगडीमागं दोन ओळी लावा, पुसायला सोप्या जातात. पण पहिल्या चार गोष्टी झाल्यावर.

कोणी म्हणेल, शेळी दूध देते, कोंबडी अंडी देते, स्वयंपाकघर काय देतं? मी आता पाणी आणायला-टाकायला चकरा मारत नाही. सकाळचा पाऊण तास वाचतो, त्यात मी गटाची शेवग्याची रोपं सांभाळते. सासूबाईंचा खोकला पूर्ण गेला असं खोटं सांगणार नाही. पण त्या आता चुलीजवळ बसून माझ्याशी बोलतात. आधी पदर तोंडाला लावून बाहेर जाऊन बसायच्या.

म्हणून दोन गोष्टी मागते. एक, आज घरी गेल्यावर दिवसभराचं काम आठवा. कुठं वाकता, कुठं चालता, कुठं डोळे चोळता, ते लेकीला लिहून घ्यायला लावा आणि पुढच्या बैठकीला आणा. दोन, प्रत्येक गटानं ठराव करावा, की ‘स्वयंपाकघर दुरुस्ती’ हे कर्जाचं कारण धरलं जाईल. अट एकच. गवंड्याशी बोलताना ती बाई स्वतः हजर पाहिजे.

मोजपट्टी मी आपल्या ग्रामसंघाच्या पेटीत ठेवली आहे. सही करून घेऊन जा, आणि परत आणून द्या.